क्रमांक दोनशे सात

कोणती गाणी वाजवायची आणि माइकवरून कोणाला उठवायचं, हे रेडिओ केंद्रांना सांगण्याचा माझा धंदा. बावीस वर्षं झाली. "व्हर्न आला की कोणाची तरी नोकरी जाते," असं आयोवा राज्यभर म्हणतात. म्हणोत बापडे. खोटं नाही ते.

पहिली नोकरी मी घालवली ती डेव्हनपोर्ट शहरातल्या लायल टेसमरची. सकाळचा निवेदक. ती वेळ आधी माझी होती, ती त्याला मिळाली. तेव्हा आम्ही तिथेच राहायचो, आणि माझी बायको ग्लेनिससुद्धा नाश्त्याला त्यालाच लावून बसायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. सल्लागार झालो आणि पहिल्याच अहवालात त्याच्या नावावर काट मारली. पुढच्या हिवाळ्यात तो वारला.

यंदा मार्चमध्ये तिथल्या केंद्राच्या मॅनेजर डोरिनने बोलावलं. "सकाळी कोणी टिकतच नाही रे व्हर्न. तूच का बसत नाहीस? आधी गाण्यांची चाचणी होऊ दे, मग ठरवू."

माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं.

चाचणी दुपारी, हॉटेलच्या हॉलमध्ये. शंभर श्रोते, हॅम सँडविच, गाण्यांचे सात-सात सेकंदांचे तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक ते पाच गुण. आमच्या धंद्यात कोणी करू नये ते मी केलं. डोरिनलाही न सांगता गाण्यांच्या टेपवर दोनशे सातव्या जागी स्वतःचा आवाज घुसवला. "उठलात का, डेव्हनपोर्ट? बाहेर बर्फ आहे, सावकाश निघा." एवढंच.

दोनशे सहाला लोक जांभया देत होते. दोनशे सात वाजला आणि पेन्सिली थांबल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले.

कागद गोळा केले. अठ्ठ्याण्णव जणांचे पाचपैकी पाच. मी हवेतच होतो.

"टेसमर परत येतोय म्हणायचा," माझ्यापाशी येऊन एक म्हातारा म्हणाला. "बरं झालं."

"तो मी होतो."

त्याने मला खालीवर न्याहाळलं. "अकरा वर्षं ऐकलंय आम्ही त्याला," म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

डोरिनला टेप दोनदा ऐकवली. दोन्ही वेळा मला माझाच आवाज ऐकू आला.

"लायलचा हा तुकडा कुठे मिळाला तुला?"

"परवा मी स्वतः रेकॉर्ड केलाय."

"थट्टा पुरे. शेवटी खोकतोय ना, तसा तोच खोकायचा."

मला टेपवर खोकला कुठेच सापडला नाही.

लॉबीतल्या फोनवरून ओमाहाला घरी फोन लावला. सव्वीस वर्षांचा संसार. ग्लेनिस तरी ओळखेलच.

"मी बोलतोय."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"लायल?"

इतक्या मायेने तिने मला कधीच हाक मारली नव्हती.

"हो," मी म्हणालो.