'फिरणं'पुढची रिकामी जागा

ही घटना खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती आमची धाकटी वहिनी, आणि तिला थापा मारता येत नाहीत.

रविवार होता. भर दुपार. वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रातली तळमजल्यावरची संगणकाची खोली.

केंद्राचा डेटाबेस वहिनी सांभाळायची. प्रत्येक आजीआजोबांच्या नोंदीत नर्सना हवे ते टॅग स्वतः बनवता यायचे.

"काहीही लिहिलं तर चालेल, ताई?" नव्या नर्सने विचारलं होतं.

"काहीही. फक्त माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

पडद्यावर टॅग आणि त्याची माहिती शेजारी शेजारी दिसायची. आत मात्र दोन वेगळ्या रांगा होत्या. दुसऱ्या टॅगची माहिती म्हणजे माहितीच्या रांगेतली दुसरी. दोघींना जोडणारा फक्त क्रम.

शनिवारी वहिनीने साफसफाई केली. माहितीच्या रांगेतल्या रिकाम्या जागा काढून टाकल्या. टॅगच्या रांगेला हात लावायचा राहिला...

काठीवाल्या आजोबांचे टॅग असे होते. 'टोपणनाव', पुढे रिकामं. 'जेवण', पुढे 'पातळ करूनच'. 'फिरणं', पुढे 'मनाला येईल तसं'.

सगळी माहिती एक घर वर सरकली.

'जेवण'पुढे आलं, 'मनाला येईल तसं'.

रविवारी सकाळी आजोबांनी कोरडं बिस्कीट मागितलं. नव्या नर्सने नोंद बघितली आणि हौसेने दिलं.

घास अडकला. आजोबा गेले.

दुपारी व्यवस्थापकांचा फोन आला. "त्या पोरीला घरी पाठवतोय. म्हणे स्क्रीनवर तसंच लिहिलं होतं. जरा बघता का?"

वहिनीने बघितलं. 'जेवण'पुढे खरंच 'मनाला येईल तसं' होतं.

तिने सगळी माहिती गुपचूप जागच्या जागी बसवली.

"नोंद बरोबर आहे," ती म्हणाली.

"वाटलंच मला."

फोन ठेवला, आणि दाराबाहेर... टक्... टक्...

काठी.

तिने दार उघडलं. व्हरांडा रिकामा होता.

परत येऊन पडद्याकडे पाहिलं. 'फिरणं'पुढचे शब्द बदलले होते.

'चालू आहे.'

तिने पुसलं. ते पुन्हा उमटलं.

त्यानंतर तिला घास गिळवेना. शेवटी एका सकाळी, दादा कामावर गेल्यावर, तिने मन घट्ट करून नर्सला फोन लावला.

"ताई, तुम्ही? बोला ना."

"अगं, ऐक. ती नोंद... ती मी..."



"ताई, तुमच्याकडे कोण आहे?"

"कुणी नाही गं. एकटीच आहे."

"मग खोकतंय कोण?" नर्सचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई... हे तर आपले आजोबा."

वहिनीने फोन ठेवला.

त्या पोरीला अजून कुठे काम मिळालेलं नाही. वहिनीने आम्हाला सगळं सांगितलं, पण तिला सांगायचं अजून राहिलंय.

ती जेवायला बसली की आम्ही कुणी बोलत नाही. कारण आता आम्हालाही ऐकू येतं...

टक्... टक्...

आणि ते तिच्या खुर्चीमागे येऊन थांबतं.