प्लायवूडच्या पलीकडचा नेम

संपत पहिल्यांदा आमच्या कॅफेत आला तो स्टॅबिलायझर दुरुस्त करायला, आणि जाताना मला अकरा वेळा मारून गेला.

गेममध्ये हो! पण मरण ते मरणच.

शहागडच्या स्टँडसमोर काकासाहेबांचा, म्हणजे माझ्या मामाचा, एसटीडी बूथ होता. मोबाईल आले आणि बूथ बसला. मग दोन हजार सहा साली मामानं तिथं सहा कॉम्प्युटर मांडले, मधे प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या आणि सायबर कॅफेचा बोर्ड लावला. लोक निकाल बघायला यायचे, पोरं बंदुकीचा गेम खेळायला. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दुपारी काउंटर सांभाळायचे आणि गिऱ्हाईक नसलं की सहा नंबरच्या मशीनवर बसायचे. घरी मी बेबीनंदा, गेममध्ये 'झुंबरबाई'. आजीचं नाव. झुंबरबाई आली म्हटलं की महेमूद आणि बद्रीनाथ, आमचे रोजचे दोन खेळाडू, कोपरा धरून बसायचे.

स्टॅबिलायझर बसवून झाल्यावर संपत म्हणाला, "अर्धा तास लोडवर चालवून बघावं लागंल."

"मंग बसा की एखाद्या मशीनवर. गेम येतो का?"

"थोडा... थोडा येतो."

मला तिथंच संशय यायला हवा होता. 'थोडा येतो' म्हणणारा माणूस कधी सरळ निघालाय? त्याचं जळालेल्या मोटरी परत बांधायचं दुकान समोरच, रस्त्यापलीकडे. बोटांना वॉर्निशचा वास. बोलताना नजर जमिनीवर. एकदाच वर आली, तीही माझ्या हातांवर. मावसबहीण उषाच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा अजून माझ्या हातात होता. आपसूक फुटेपर्यंत उतरवायचा नाही, असा आईचा हुकूम. तो पाच नंबरवर बसला. नाव टाकलं, 'पाच एचपी'. आणि मग मी भिंतीआडून डोकं काढायच्या आत गोळी हजर!

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दुकान बंद करून तो रोज संध्याकाळी यायला लागला.

"तुम्ही पळत पळत गोळ्या मारता," चौथ्या दिवशी तो फळीपलीकडून हळूच म्हणाला. "थांबायचं. दोन गोळ्या. परत हलायचं. आणि नेम जमिनीकडं ठेवू नका... समोरच्याचं डोकं जिथं येईल, तिथं आधीच धरून ठेवायचा."

"मी तुमची शिकवणी लावली का?"

"न्हाई. फुकट सांगून राह्यलो."

"फुकटचं मला पचत न्हाई."

"मंग चहा पाजा," तो म्हणाला... आणि स्वतःच लाजला!

चहा पाजला नाही. पण त्यानं सांगितलेलं गुपचूप करून पाहिलं. कान देऊन पावलं ऐकायची, हेही त्याचंच सांगणं. पाच-सहा दिवसांत महेमूद आणि बद्रीनाथ माझ्यापुढं टिकेनात. संपतपुढं मात्र मी टिकेना. बरं, बद्रीनाथ त्याला खुशाल मागून येऊन मारायचा, तेव्हा याला कळायचंही नाही. मी आले की मात्र याला भिंतीपलीकडचं दिसायचं. नक्कीच पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी फळीला भोक आहे का पाहिलं. नव्हतं. मग सापळा लावला. गेममधल्या एका खोक्याआड जाऊन बसले आणि माऊसला हातच लावला नाही. तो दोनदा समोरून गेला, त्याला मी दिसलेच नाही. तिसऱ्यांदा मी जराशी वळले मात्र... धाड!

त्याच आठवड्यात जालन्याच्या एका कॅफेतल्या पोरांचा फोन आला. रविवारी इंटरनेटवरून मॅच, पाच विरुद्ध पाच. शहागडची टीम पहिल्यांदाच गावाबाहेरच्यांशी खेळणार होती. फोन मीच घेतला होता. "पोरगी बी खेळणार? मंग आम्ही डाव्या हातानं खेळतो," असं म्हणून ते हसले. माझी कानशिलं तापली. चार खेळाडू ठरलेले होते. पाचवी जागा माझी की संपतची, एवढंच उरलं होतं. आणि मला ती जागा हवी होती. परीक्षेतल्या नंबरापेक्षाही जास्त हवी होती, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी त्यानं मला सलग सहा वेळा मारलं आणि माझा तोल गेला.

"चोरटं सॉफ्टवेअर टाकलंय तुम्ही!" मी उभी राहिले. मामा, महेमूद, बद्रीनाथ सगळे बघत होते. "बद्रीनाथ पाठीमागं आला तरी दिसत न्हाई, आणि मी भिंतीआड दिसते? हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

संपतनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले.

"बराबर," तो म्हणाला. "मी उद्यापासून येत न्हाई." हेडफोन खिळ्याला अडकवला आणि गेला.

"चोराच्या उलट्या बोंबा असतात म्हणतात," मामा म्हणाला. "हे पोरगं तर बोंबललं बी न्हाई."

जागा माझी झाली. रात्री जेवण मात्र गोड लागलं नाही. खोटा माणूस भांडतो, शपथा घेतो. हा गप्प का बसला? म्हणजे संशय मिटायच्या ऐवजी दुप्पट झाला.

शुक्रवारी दुपारी मी पाच नंबरचं मशीन उकरून पाहिलं. काही सापडलं नाही. तेवढ्यात फरजाना आली, महेमूदची बहीण आणि माझी वर्गमैत्रीण. तिला मी माझ्या जागी बसवलं, खेळ म्हटलं, आणि स्वतः संपतच्या खुर्चीत बसले. त्याचा हेडफोन कानाला लावला. स्वस्तातला, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. हायवेवरचा ट्रक, मामाचं खोकणं, आणि फळीच्या अगदी पलीकडून... छन्न.

मी हेडफोन घट्ट धरला. छन्न, छन्न.

"फरजाना, आत्ता उजवीकडं वळलीस?"

"हौ."

"आता थांबलीस. आता परत वळलीस."

"या अल्ला! तेरे को कैसा मालूम?"

तिच्या हातात ईदच्या काचेच्या बांगड्या होत्या. माऊस जोरात फिरला की वाजायच्या. माझा तर मनगटभर चुडा! मी वळायच्या आधी माझा हातच चहाडी करत होता. मी तिला दाखवलं, तेव्हा ती हसत सुटली.

"सबके सामने क्या बोलता बिचारा? बेबी की चूड्या सुनता मैं, ऐसा बोलता?"

मला हसू आलं नाही. मी रस्ता ओलांडला.

दुकानात संपत मोटरीवर वाकला होता. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मोटरीला, दुसरं कानाला. "बेअरिंग गेलंय," तो समोरच्या शेतकऱ्याला म्हणाला. तो माणूस निघून जाईपर्यंत मी थांबले.

"खरं का न्हाई सांगितलं?"

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. त्याला कळलं.

"काय सांगू? तिथं तुमचे मामा होते, पोरं होती. तुमच्या बांगड्या ऐकत बसतो म्हणलो असतो, तर तुमचं नाव गावभर झालं असतं."

"आणि तुमचं झालं ते? चोर म्हणून?"

"माझं काय... मोटर फिरली की माझं नाव परत येतं."

मला रडू आलं. आधी रागानं, मग कशानं ते कळलं नाही. ज्या माणसावर मी आठ दिवस डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली, तो माझी अब्रू सांभाळत बसला होता!

"चला," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. दहा मरणांचा डाव. जो जिंकंल, जागा त्याची. पण चुडा उतरवता येत न्हाई मला."

त्यानं फडताळातून पांढऱ्या टेपचं बंडल काढलं. "कॉइल हलू नये म्हणून ही बांधतो. सुती आहे, टोचणार न्हाई." मी उजवा हात पुढं केला. तारेचे वेढे घालावेत तसा तो एकेक पदर सरळ बसवत गेला, आणि त्याचं बोट माझ्या मनगटाला एकदाही लागलं नाही. एकदा तरी लागावं, असं मला वाटलं.

कॅफेत शिरल्याबरोबर मी मोठ्यांदा म्हणाले, "संपत चोर न्हाईत. माझ्या बांगड्यांवरून त्यांना कळायचं. मीच चुकले." मामाला चहाचा ठसका लागला. बद्रीनाथनं शिट्टी घातली. घालू दे.

खेळ सुरू झाला. आता तोही मला शोधत होता, मीही त्याला. पाच-पाच. सात-सात. आणि माझ्या मनात नवंच भूत शिरलं: हा मुद्दाम हरतोय का? आत्ताची गोळी चुकली की चुकवली? बिचारी म्हणून जागा देऊन टाकणार असेल तर? नऊ-नऊ. मी पावलं ऐकली, थांबले, नेम धरला, दोन गोळ्या... आणि पडले मीच.

आता हा म्हणणार, 'राहू द्या, तुम्हीच खेळा.' मी दात आवळून वाट बघत बसले.

"मामा," संपत उठत म्हणाला, "परवा किती वाजता यायचं मॅचला?"

आणि मी त्याच्या प्रेमात पडले.

तो बाहेर पायरीवर थांबला होता. स्टँडवर बीडची गाडी लागली होती, धूळ उडत होती.

"राग आला?"

"एकदा बी हरावंसं वाटलं न्हाई?"

"नऊ-नऊ झाल्यावर वाटलं. लई वाटलं." तो जमिनीकडे बघत होता. "पण तुम्हाला कळलं असतं. मंग जन्मभर माझ्या हर गोष्टीवर शंका घेतली असती तुम्ही."

"जन्मभर?"

त्याचे कान पुन्हा लाल झाले. या वेळी मात्र त्यानं नजर वर केली, आणि ती वरच ठेवली.

"तुम्ही मला आवडता, संपत," मी म्हणाले. "जालन्याच्या पोरांना परवा माझ्या वाटणीचं बी मारा. आणि सोमवारी आपण परत खेळायचं. मी जिंकले, तर ते खरंच जिंकलेलं असंल."

"जिंकाल," तो म्हणाला. "पण सोपं जाणार न्हाई."