खिंडीतला झुरका

सागिनबाय त्या दिवशी खिंडीत गेला तो भावाचा कोट आणायला.

थोरला भाऊ कुबात जाऊन दहा महिने झाले होते. तेवीस हिवाळे दोघा भावांनी खिंडीतल्या रस्ता-कामगारांच्या राहायच्या लोखंडी डब्यात काढले, रस्त्यावरचा बर्फ सारला, एकाच पाकिटातल्या सिगारेटी ओढल्या. मग कुबातची फुप्फुसं गेली आणि सागिन एकटा उरला. कुबातचा मेंढीच्या कातड्याचा कोट डब्यातल्या खुंटीवर तसाच राहिला होता. वर्ष भरल्यावर घालायच्या जेवणाआधी गेलेल्याचे कपडे वाटायचे असतात, म्हणून कुबातची बायको उलकान स्वतःच ट्रकमध्ये येऊन बसली.

"गावात सगळे तुझं नाव काढतात, सागिन," ती वाटेत म्हणाली. "परवा मुल्लानं पोरांना सुनावलं, सिगारेट सोडावी तर सागिनबायसारखी."

"राहू द्या, जेने." थोरल्या भावजयीला तो तशीच हाक मारी.

"राहू कशाला देऊ? त्यांच्या दुखण्यातून तेवढं एक तरी चांगलं निघालं."

सागिननं गिअर बदलला. त्याची जीभ चुरचुरत होती. सकाळी गोठ्यामागे ओढलेल्या सिगारेटचा वास जावा म्हणून निघताना त्यानं अख्खा कांदा चावला होता.

सात महिने त्यानं खरोखर पाळलं होतं. मग उन्हाळ्यात एका ट्रकवाल्यानं सहज पाकीट पुढे केलं आणि याचा हात आपसूक गेला. दुसऱ्या आठवड्यात त्यानं स्वतःचं पाकीट घेतलं. बायकोशी खोटं, डॉक्टरशी खोटं, मशिदीत मान खाली.

आणि आत खुपत होतं ते वेगळंच. दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारी कुबातनं त्याची बाही धरली होती. "एक झुरका दे रे. एकच." तेव्हा सागिनला सोडून नऊ आठवडे झाले होते, अभिमानानं छाती फुगलेली होती. "मी सोडली, बायके. तुम्हीही सोडा," तो म्हणाला होता, शेजारच्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात. थोरल्या भावाला तो बायके म्हणे. कुबातनं बाही सोडली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. दिवेलागणीला तो गेला.

ते खिंडीत पोचले तेव्हा दुपार असूनही धुकं इतकं दाटलं होतं की ट्रकचं नाक दिसत नव्हतं. धुकं उठेपर्यंत उतरता येणार नव्हतं. उलकाननं चूल पेटवली, चहा ठेवला, खुंटीवरचा कोट काढून मांडीवर घेतला. तो कोट ती चाचपत राहिली तेव्हा सागिनला तिथं बसवेना.

"रस्ता बघून येतो," तो म्हणाला.

डब्यामागे ओल्या लोखंडाचा नि डिझेलचा वास होता. आवाज कसलाच नव्हता, वाराही नव्हता. त्यानं काडी ओढली, पहिला धूर छातीत घेतला.

डावीकडे कोणीतरी खोकलं. दोन आखूड, मग एक लांब, शेवटी शीळ.

तो खोकला तेवीस हिवाळे त्याच्या उशाशी होता.

"सागिन..." आवाज अगदी खांद्याजवळून आला. "एक झुरका दे रे..."

त्या आवाजात राग असता तर सागिन पळाला असता. राग नव्हता. दवाखान्यात होतं तेच आर्जव होतं, तेवढंच दमलेलं. सागिनचे कान तापले, मान वर होईना. त्यानं न बघताच हात धुक्यात लांबवला.

"घ्या, बायके..."

निखारा फुलला. लालभडक झाला आणि तसाच राहिला, कितीतरी वेळ, जणू ओढणारा थांबायला तयार नव्हता. राख वाकली, पडली. बोटांना चटका बसला तेव्हा त्यानं थोटूक टाकलं. त्याचं टोक ओलं होतं.

"कोणाशी बोलतोयस?" डब्याच्या कोपऱ्याशी उलकान उभी होती.

सागिननं सगळं सांगितलं. गोठा, कांदा, ट्रकवाला. मग दवाखान्यातली दुपार. बोलताना तो बुटांकडेच बघत होता.



"शेवटपर्यंत ते भिंतीकडेच तोंड करून होते," ती हळू म्हणाली. "मी हाका मारल्या, वळले नाहीत. दहा महिने मला वाटतंय, माझ्यावरच रुसून गेले."

सागिनला धुक्यात विरघळून जावंसं वाटलं.

"पाकीट दे."

तिनं ते चुलीत टाकलं. धुकं उठल्यावर दोघं उतरले.

त्याच आठवड्यात सागिननं बायकोला सांगितलं, मग स्वतः मुल्लाकडे जाऊन सांगितलं. लोक हसले, काहींनी तोंडावर टोमणे मारले. त्यानं ऐकून घेतलं. त्यानंतर त्यानं सिगारेटला हात लावलेला नाही. हा तिसरा हिवाळा.

पण कडाक्याच्या थंडीत तो अंगणात उभा राहिला की त्याच्या तोंडातून वाफ निघते, आणि क्षणभरानं डाव्या खांद्याजवळून आणखी एक. पहिल्यांदा ते उलकाननं पाहिलं. ती फाटकातूनच परत गेली. सागिनची वाफ पांढरी असते, लगेच विरते. दुसरी निळसर असते आणि तो घरात गेला तरी अंगणात बराच वेळ रेंगाळते.