तटस्थ आवाज

दत्ताराम तांडेलच्या डोक्यावर चाहूलमापकाची टोपी बसवताना डॉ. मालविका बेहेरेचे हात नेहमीसारखेच सराईतपणे चालले, याचे तिचे तिलाच नवल वाटले. नवऱ्याला जाऊन अकरा दिवस झाले होते. ज्याच्यामुळे तो गेला अशी तिची खात्री होती, त्याच माणसाच्या कपाळावरचे केस बाजूला सारून ती तारा चिकटवत होती.

"ताई, चक्रार कायच नाय होता," दत्ताराम म्हणाला. "देवाशपथ सांगतंय."

"शपथ नको. नुसतं ऐका. बोलूही नका," ती म्हणाली आणि यंत्रावरचा त्याचा पाण्याचा पेला तिने उचलून फळीवर नेऊन ठेवला.

मालवणच्या किनाऱ्यापासून दूर, सत्तर मीटर पाण्याखाली 'सिंधुतळ' हे संशोधनकेंद्र होते. सात माणसे तिथे सहा-सहा महिने राहत. बंद जागेत माणसांची मने कशी वागतात हे पाहायला मालविका आली होती आणि केंद्राची यंत्रे सांभाळायला तिचा नवरा निशिकांत. केंद्राचा तोल राहावा म्हणून रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भारटाकीत समुद्राचे पाणी घेतले जाई. टाकीबाहेर एक चक्र होते. ते फिरवले की चार मिनिटांत टाकी भरे. आत कुणी साफसफाईला उतरले असेल तर त्याने चक्राला लाल तबकडी अडकवायची आणि तबकडी असेपर्यंत चक्राला कुणी हात लावायचा नाही, असा साधा, बालवाडीतल्या मुलालाही समजेल असा नियम होता.

त्या दिवशी निशिकांत साडेपाचला टाकीत उतरला. सहा-दहाला दत्तारामने चक्र फिरवले. तबकडी नव्हतीच, असे तो पहिल्या क्षणापासून सांगत होता, आणि आठवड्यापूर्वीच त्याची निशिकांतशी हत्यारांच्या पेटीवरून जोरदार जुंपली होती, हेही सगळ्यांना माहीत होते. तिसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख इग्नेशियस परेरांना तबकडी सापडली. कुठे सापडली ते त्यांनी कुणालाही सांगितले नाही. ती मुद्दाम दडवलेली होती, एवढेच म्हणाले.

तेव्हाच मालविकाने चाहूलमापकाची गोष्ट काढली होती. परेरा मूळचे वसईचे, नौदलातून निवृत्त झालेले, आणि असल्या यंत्रांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"तो मन घट्ट करून बसला तर?" त्यांनी विचारले होते.

"मन घट्ट करायला आधी कळावं लागतं, सर. तुम्ही पेपर चाळताय. पान उलटता आणि काहीतरी राहिलं असं वाटून परत मागे येता. बघता तर कोपऱ्यात बारीक अक्षरात वसईची बातमी. ती तुम्ही वाचली नव्हती. मग परत कोण आलं?"

परेरा हसले होते. "होतं असं."

"शब्द कानावर पडला की तीन दशांश सेकंदात मेंदू त्याला ओळखतो, त्याच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना हाका मारून मोकळा होतो. आपल्याला कळतं ते त्यानंतर. कधी कळतही नाही. त्या आधीच्या हालचालीला मी चाहूल म्हणते. ती थोपवता येत नाही, कारण ती येते तेव्हा थोपवणारा अजून जागाच झालेला नसतो. तुम्ही सहा जागांची नावं लिहा. एक खरी, पाच तशाच वाटतील अशा. निर्दोष माणसाला सहाही सारख्या. ज्यानं तबकडी लपवली, त्याचा मेंदू एकाच नावावर दचकेल."

"आणि नावं वाचणार कोण?"

"मी. माझ्याच आवाजात सगळ्या चाचण्या होतात. बारा वर्षं. फक्त खरी जागा कोणती ते मला सांगू नका. वाचणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तर त्याचा आवाज फितूर होतो."

हे सांगताना तिला स्वतःच्या आवाजाचा थोडा अभिमान वाटला होता. प्रयोगशाळेत त्याला 'तटस्थ आवाज' असेच म्हणत. त्यात ना माया, ना राग, ना थकवा. निशिकांत म्हणायचा, या आवाजात तू मला 'जेवायला चल' म्हणालीस तर मी आधी वकील बघीन. परेरांनी टंकित केलेली यादी दिली, खऱ्या जागेचे नाव लिहून पाकीट मोहोरबंद केले आणि मालविकाने सहा शब्द क्रम बदलत दहा-दहा वेळा वाचून ध्वनिमुद्रित केले. उशी. पेटी. बादली. बशी. पडदा. चप्पल.

आता तेच शब्द दत्तारामच्या कानात पडत होते. पलीकडे पडद्यासमोर रेणुका सोनकांबळे बसली होती. केंद्राची संकेतविश्लेषक, वयाने सगळ्यांत लहान आणि आकड्यांच्या बाबतीत सगळ्यांत हट्टी. तिच्या कोपरापाशी चहाची रिकामी कपबशी होती. मालविकाने पडद्यावर डोळे खिळवून ती उचलली आणि मागच्या ट्रेमध्ये ठेवली.

पाच रेषा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. सहावी उसळली होती.

"बशी," रेणुका म्हणाली.

परेरांनी पाकीट फोडले. कागदावर एकच शब्द होता: बशी. तबकडी स्वयंपाकघरातल्या बशांच्या चवडीत मिळाली होती, खालून तिसरी. केंद्रावरची सगळी भांडी लाल प्लास्टिकची होती आणि तबकडी आकाराने, रंगाने बशीसारखीच. लपवायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती, असे परेरा म्हणाले.

 दत्तारामने टोपी स्वतःच काढली आणि खाली बघत राहिला. मालविकाला वाटले होते, आता मोकळे रडू येईल. आले नाही. नुसती संतापाने कानशिले तापली. पाणबोट परवा येणार होती. दत्तारामला तीतून वर पाठवायचे आणि पोलिसांच्या हवाली करायचे ठरले.

"बाकीच्यांची चाचणी कधी?" रेणुकाने विचारले.

"आता कशाला?"

"तुलना हवी ना, मॅडम. एकाच माणसाची रेषा म्हणजे काही पुरावा नाही. तुम्हीच शिकवलंत."

नाही म्हणायला कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुकाने आधी दोघा सागरजीवशास्त्रज्ञांना बसवले. पाकिटात काय होते हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. अपघाताच्या वेळी दोघेही केंद्राबाहेर, प्रवाळाचे नमुने गोळा करीत होते. त्यांचा या प्रकरणाशी सुतराम संबंध नव्हता.

दोघांच्याही मेंदूंनी 'बशी'वर उडी घेतली.

मालविकाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिने तारा तपासल्या, टोप्या बदलल्या, पुन्हा ऐकवले. पुन्हा तेच.

"कुणीतरी फोडलं," ती म्हणाली. "दत्तारामनंच सांगितलं असेल."

"त्याच्या खोलीला मी कुलूप लावलंय आणि किल्ली माझ्या खिशात आहे," परेरा म्हणाले.

 रेणुकाने तेच सहा शब्द यंत्राकडून वाचवून घेतले, माणसाचा आवाज मुळीच न वापरता, आणि दोघांना ऐकवले. सहाही रेषा सपाट. मग परेरांना सांगून तिने दत्तारामला आणवले आणि त्यालाही ऐकवले. त्याला तर आता उत्तर ठाऊक होते, तेव्हा तो दचकणारच होता. दचकला. पण पहिल्या उसळीशी ताडून पाहिल्यावर रेणुका खुर्चीत मागे टेकली. कालची उसळी 'बशी' हा शब्द सुरू व्हायच्या आधीच चढू लागली होती.

"शब्द ऐकायच्या आधी शब्दावर कोण दचकेल, मॅडम?"

दुपारी चारच्या चहाला तिने सगळ्यांना जेवणघरात बोलावले. दत्तारामलाही. परेरांनी तिजोरीतून तबकडी आणली होती. चौकशीच्या कागदांबरोबर तीही बोटीतून वर जायची होती. त्यांनी ती टेबलावर, आपल्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

रेणुकाने पडद्यावर मालविकाच्या आवाजाचा आलेख लावला. साठ उच्चार, एकाखाली एक.

"पन्नास उच्चारांच्या आधीचा थांबा अगदी एकसारखा आहे. 'बशी'च्या या दहांच्या आधीचा चार शतांश सेकंदानं जास्त. आवाजही केसभर खाली उतरतो. कानाला कळत नाही. मी शंभरदा ऐकलं, मला कळलं नाही. पण ऐकणाऱ्याच्या मेंदूला कळतं. पुढे काहीतरी जड येतंय, ही चाहूल त्याला थांब्यातच लागते. ऐकणारे बशीवर नाही दचकले. ते तुमच्या आवाजावर दचकले."

 दत्तारामने सावकाश मान वर केली.

"म्हणजे मी सुटलंय?" त्याने विचारले.

"तुमच्याविरुद्ध या चाचणीत काहीच नाही," रेणुका म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. "पण मॅडम, तुम्ही हे वाचलंत तेव्हा पाकीट बंद होतं. खरी जागा एकट्या सरांना माहीत होती. मग ते तुमच्या आवाजात आलं कुठून?"

प्रश्नाचा अर्थ मालविकाच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. आला तेव्हा तिला आधी हसूच फुटले.

"मी? अगं, माझा नवरा होता तो."

"मी आरोप करत नाही."

"मी जबानीत सगळं सांगितलंय. पावणेसहाला उठले, टाकीजवळच्या बोळातून स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला. मनात पुढच्या चाचणीची यादी घोकत होते. चक्राकडे माझं लक्षही नव्हतं. तबकडी मी पाहिलीच नाही."

"हो, मॅडम. तुम्ही खरं बोलताय. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणूनच तर हे फक्त चार शतांश सेकंद आहे," रेणुका म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते.

मालविका उठून उभी राहिली. तिचे बोलणे अजून वर्गात उभे राहून शिकवल्यासारखे मुद्देसूद होते. "तू एक गोष्ट विसरतेस. बशी या शब्दाचा आणि माझा संबंध तबकडीमुळेच असेल असं नाही. निशिकांत चहा प्यायचा आणि बशी जिथे असेल तिथे टाकून जायचा. पंपावर, जिन्याच्या कठड्यावर, एकदा तर या चाहूलमापकावर. चौदा वर्षं मी त्या गोळा करत हिंडले. तो म्हणायचा, माझी बशी टेकायच्या आत तू उचलतेस. आता बशी म्हटल्यावर मला तो आठवणार नाही तर काय? त्याला जाऊन चार दिवस झाले होते तेव्हा मी ते वाचलं. आवाज हलला, तो दुःखानं हलला. हे स्पष्टीकरण तुझ्याइतकंच पक्कं आहे, का नाही?"

रेणुकाने आलेखावर पुन्हा एकदा नजर टाकली. "आहे," ती शेवटी म्हणाली. "हे खोडता येत नाही."

"मग!"

परेरांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना कोणत्याही परिस्थितीत रेणुकाचा संशय खरा ठरायला नको होता. मालविका बोलतच राहिली. बोलता बोलता ती टेबलाभोवती फिरत होती, तिचे डोळे एकेकाच्या चेहऱ्यावरून फिरत होते आणि तिला आतून फार बरे वाटत होते, कारण तिचा मुद्दा बिनतोड होता.

"आणि तबकडी चक्राला अडकवलेली असते. दोरीनं. अडकवलेली वस्तू कुणी बेसावधपणे काढील का?"

"अडकवलेली असती, तर नाही," परेरा हळूच म्हणाले. "पण निशिकांतनं कधी काही नीट अडकवलेलं मला आठवत नाही. मी त्याला दोनदा लेखी ताकीद दिली होती. तो ती चक्रावर नुसती ठेवून द्यायचा."

"तरीसुद्धा," मालविका म्हणाली. "बोळात दिवे असतात. लाल तबकडी आणि बशी यांतला फरक मला कळणार नाही? मी एवढी मोठी वस्तू हातात घेईन, पन्नास पावलं चालेन, फडताळ उघडून ठेवीन आणि मला पत्ता लागणार नाही? हे तुम्हाला पटतं तरी का, सर?"

 परेरा तिच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हते. रेणुकाने तोंडावर हात दाबून धरला होता. दोघा जीवशास्त्रज्ञांपैकी एक जण अर्धवट उठून तसाच थांबला होता.

"काय झालं?" मालविकाने विचारले. "असे काय बघताय सगळे?"

 शेवटी दत्ताराम उठला. बारा दिवस ज्याच्याशी ती धड बोललीही नव्हती, तो टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आला. तिच्या डाव्या हातात लाल बशांची चवड होती. चहा संपलेल्यांच्या सहा बशा तिने एकात एक बसवून गोळा केल्या होत्या, कडा जुळवून, नेहमीसारख्या. वरची सातवी त्या चवडीत नीट बसत नव्हती, म्हणून मालविकाचा अंगठा ती पुन्हा पुन्हा दाबून बसवू पाहत होता.

त्याने तो अंगठा हलकेच सोडवला.

"ताई," तो म्हणाला, "ती बशी न्हय."