समोरच्या दाराची ओसरी

एप्रिलच्या एका सकाळी आर्वो हार्यू वाल्फ्रिडकडे पिंप मागायला गेला. वाल्फ्रिड गावच्या दफनभूमीत कबरी खणायचा. उभं कापलेलं ते लोखंडी पिंप गोठलेल्या जमिनीवर पालथं घालायचं आणि आत दगडी कोळसा पेटवायचा, की दोन दिवसांत खालची माती सुटायची. नाहीतर मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला मेच्या अखेरीपर्यंत कुदळ टणकन उडते. ऐन हिवाळ्यात तर पिंपाचंही काही चालत नसे. तेव्हा गेलेली माणसं दफनभूमीच्या कडेच्या दगडी खोलीत जमीन सुटायची वाट बघत थांबायची. आर्वोची बायको सायमा फेब्रुवारीपासून तिथेच होती.

"कशाला हवंय रे?" वाल्फ्रिडने विचारलं.

"ओसरी बांधतोय, काका. खांबांचे चार खड्डे घ्यायचेत."

"चार? बायको तर एकच होती तुला." म्हातारा हसला आणि मग आपलंच हसू त्याला खुपलं. "ने. पण एक सांगतो. पेटवताना मी, ज्याच्यासाठी खणायचं त्या माणसाचं नाव घेतो. बाप घ्यायचा, म्हणून मी घेतो. तू कुणाचंच घेऊ नकोस. मुकाट्याने पेटव, मुकाट्याने विझव."

"बरं."

आर्वोने घर स्वतः बांधलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. समोरचं दार जमिनीपासून चार फूट वर, नुसतं अधांतरी. ओसरी पुढच्या उन्हाळ्यात, असं तो दर उन्हाळ्यात म्हणायचा. सायमा पाहुण्यांना सांगायची, "समोरचं दार पाखरांसाठी आहे. माणसांनी मागून यावं."

तिलाही मागूनच न्यावं लागलं. सैपाकघरातून, लाकडाच्या खोपटातून. वळणावर शवपेटी मावेना, म्हणून ती उभी करावी लागली, आणि आत काहीतरी हळूच खाली घसरल्याचा आवाज झाला. त्या आवाजानंतर आर्वोला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. एवढंच ठरलं होतं, की मेच्या दुसऱ्या शनिवारी, पुरायच्या आधी, तिला एकदा घरी आणायचं आणि समोरच्या दाराने आडवी, नीट बाहेर न्यायची.

साडेचार फूट खाली गेल्याशिवाय तिकडे खांब उभा करत नाहीत. त्याहून उथळ असला तर थंडी तो वर ढकलते. तीन खड्ड्यांना आर्वोला आठ दिवस लागले. कोळसा, पहार, पुन्हा कोळसा. चौथ्यावर पिंप पालथं घातलं, तेव्हा सायमाची थोरली बहीण हिल्या वेलदोड्याचा पाव घेऊन आली.

"काही खाल्लंस का?"

"खाल्लं."

"काय खाल्लंस?"

त्याला आठवेना. हिल्याने पाव फडक्यासकट त्याच्या बगलेत खुपसला. "भूत दिसतोयस नुसता. महिनाभर थांबलास तर जमीन आपोआप सुटेल. कुणासाठी हा आटापिटा, आर्वो?"

त्याच्या हातातली काडी पेटलेली होती. "सायमासाठी," तो म्हणाला, आणि काडी कोळशाखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी पिंप उचललं, तर माती मळलेल्या कणकेसारखी मऊ. फावडं आपल्या वजनानेच खाली जात होतं. साडेचार फूट झाले, तरी बोचरी थंडी लागेना. भिजून वाळलेल्या लोकरीसारखा वास तेवढा वर येत होता. बाकीच्या खड्ड्यांना काँक्रीटच्या तीन-तीन गोण्या पुरल्या होत्या. याने नऊ घेतल्या. ओतावं आणि खाली जावं, ओतावं आणि खाली जावं. आर्वोने नववी ओतली, खांब उभा केला आणि हात धुतले.

महिनाअखेरीस पुन्हा बर्फ पडला. नव्या फळ्यांवर वीतभर साचला. चौथ्या खांबाचा कोपरा मात्र कोरडा राहिला. आर्वोने खिडकीतून पाहिलं. मग कॉफी ठेवली.

शनिवारी सहा जणांनी सायमाला समोरच्या दारातून बाहेर आणलं. शवपेटी कुठे कलली नाही, अडली नाही. त्या कोपऱ्यावर मात्र सहाही जण एकदम थबकले, कारण खांद्यावरचं वजन एकाएकी निम्मं झालं होतं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. पायऱ्या उतरून ते चालू लागले.

दफनभूमीत वाल्फ्रिड टोपी हातात धरून उभा होता. खणलेला खड्डा कुठेच नव्हता. पिंपाखालची जमीन काळी पडली होती, बस.

"पाच दिवस जाळतोय," तो पुटपुटला. "बोटभर सुटली नाही. शेजारची दोघं कालच गेली खाली." मग आर्वोला बाजूला घेऊन अगदी हळू म्हणाला, "तू... नाव घेतलंस?"

आर्वोने होकारार्थी मान हलवली.

"कुठल्या खड्ड्यावर?"

"चौथ्या."

"मग तिची जागा तिथे झाली, पोरा... इथे कशी सुटेल? तो खांब काढ."

"ओसरी पडेल, काका."

"पडेल."

एकोणीस वर्षांनी झालेली, तिच्या नावाची ओसरी. एकदाच वापरलेली. आर्वोने शवपेटीकडे पाहिलं. पाद्रीबाबा घड्याळ बघत होते. तिला पुन्हा त्या दगडी खोलीत ठेवायचं, असं ते हिल्याला समजावत होते.

आर्वो घरी गेला. अंगावरच्या काळ्या कोटासकट त्याने खांब वरच्या तुळईपासून कापला, साखळी बांधली, ट्रक पुढे घेतला. नऊ गोण्यांचं काँक्रीट लोण्यातून केस निघावा तसं वर आलं. आवाज झालाच नाही. खड्ड्याच्या भिंतींवर पांढरं हिव साचलं होतं. मेच्या उन्हातही त्यातून थंडी वर येत होती. त्याने तो बुजवला. शेवटचं फावडं टाकत होता, तोच घरात फोन वाजला.

"सुटली," वाल्फ्रिड म्हणाला. त्याला धाप लागली होती. "लोण्यासारखी निघतेय, आर्वो. ये."

दिवस मावळायच्या आत सायमा जमिनीत गेली.

रविवारी सकाळी आर्वो ओसरीला टेकू द्यायला बाहेर आला. कोपरा पडला असेल, निदान वाकला असेल, असं त्याने धरलं होतं. चौथ्या खांबाच्या जागी काही नव्हतं. तुळईचं टोक उघडं, खाली चार फूट रिकामी हवा. त्याने पाणसळ आणली आणि फळ्यांवर ठेवली. बुडबुडा मधोमध.

मग त्याने एक पाय त्या कोपऱ्यावर टाकला. हळूहळू सगळा भार दिला. फळी जराशी खाली गेली... थांबली... आणि खांदेकऱ्याने खांदा बदलावा तशी, किंचित हलून, पुन्हा वर आली.