बैठकीतला खळगा

अरुणच्या नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो. घरात बसून मी कंटाळले, तेव्हा एका डच बाईंकडे जुन्या खुर्च्यांच्या बैठका भरायला शिकले आणि गॅरेजमध्ये स्वतःचं काम सुरू केलं.

२०१६च्या ऑक्टोबरात एक जुना फ्रेंच सोफा आला, सोबत त्याच संचातलं बुटकं स्टूल. पायांवर कोरलेली पानं, चौकटीखाली कारागिराच्या नावाचा ठसा, पण झिजून न वाचता येणारा. बैठकीवर विणलेल्या चित्राचं कापड, बाग आणि कोल्हे. ते उतरवून मी सोफ्यात नवे घोड्याचे केस भरले, कडा शिवल्या. कापड परत चढेपर्यंत अशा बैठकीवर कुणी बसत नाही.

सकाळी तिथे खळगा होता. डावीकडे कललेला, उजवीकडे चौकोनी ठसा. अरुण जाडजूड पाकीट मागच्या खिशात ठेवूनच बसायचा.

"बसलास ना माझ्या कामावर?"

"शपथ, प्रमोदिनी, मी गॅरेजमध्ये पाऊलही टाकलं नाही. तुझा तो राजेशाही सोफा मला झेपणार आहे का?"

केस उपसून पुन्हा भरले. सकाळी पुन्हा तेच.

त्याच आठवड्यात ऑफिसला जाताना अरुण सायकलवरून कोसळला. हार्ट अटॅक. सगळं आटोपून गॅरेज उघडलं, तेव्हा बैठक फुगीर होती, खळगा नव्हता. सोफा पूर्ण करून ठेवला.

लोक म्हणाले, रडून घे. रडू आलं नाही. डबा भरायचा, शिवांगीला शाळेत सोडायचं, काम करायचं. आत काहीच हलत नव्हतं.

मार्चमध्ये ते स्टूल भरलं.

सकाळी त्यात छोटा खळगा होता, कडेला टाचेचा ठसा. शिवांगी एक पाय दुमडून बसते.

"शिवांगी, स्टुलावर बसलीस?"

"नो, आई. इट्स लॉक्ड." ती ब्रेडवर चॉकलेटचे दाणे पेरत होती.

गॅरेजची किल्ली माझ्याच गळ्यात होती.

केस उपसले. भरले. शिवले. सकाळी टाच होतीच.

तिला आमच्या हाउसआर्ट्सकडे नेलं. तपासून तो डॉक्टर म्हणाला, पोरगी ठणठणीत आहे.

अरुण गेल्यापासून पहिल्यांदाच मला भीती वाटली.

शिवांगीला शाळेत सोडून आले आणि स्टुलावर बसले. तिच्यासारखीच, एक पाय दुमडून. माझा ठसा पडू दे, तिचा नको.

पायाला मुंग्या आल्या. बसून राहिले.

शाळा सुटायची वेळ झाली, तेव्हा उठले.

टाच तिथेच होती, इवलीशी. माझ्या वजनाचा मागमूसही नव्हता.