लोरोंग केनांगामधली हाक

साहेब, तुम्ही एका गल्लीची पाटी बदललीत.

जुनं नाव खरवडून काढलंत आणि फुलाचं नवं नाव चिकटवलंत. उतारावर गवत लावलंत. खाली मुलांची बाग केलीत, फीत कापलीत, फोटो काढून घेतलेत. आणि त्या गवताखाली काय राहिलंय, ते तुम्हाला ठाऊक होतं.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. वाचाल तेव्हा ओळखाल.

वाचणाऱ्यांनो, यातलं काही मी मनाने रचलेलं नाही. हस्लिना माझी मावसबहीण. जे घडलं ते तिच्यासोबत घडलं, बुकित सरोजामध्ये, रमजान ईदनंतरच्या पावसाळी दिवसांत. तो आवाज मी स्वतःही ऐकलाय. आणि मी भुताखेतांना हसणारा माणूस.

हस्लिनाला एकच मुलगी. दमिया, सात वर्षांची. तिच्यानंतर मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. क्वालालंपूरमधल्या त्या उंच इमारतीत पोरगी एकटीच खेळायची. एकदा स्वतः बोलायची, मग आवाज बदलून स्वतःच उत्तर द्यायची.

हस्लिनाला ते बघवत नव्हतं.

म्हणून घर शोधताना नवरा फिक्री शाळा, मशीद, पाण्याचा निचरा बघायचा, आणि ही दर ठिकाणी एकच विचारायची. "इथे मुलं आहेत का?"

"मॅडम, लोक विचारतात बाथरूम किती, तुम्ही विचारता पोरं किती," घरं दाखवणारा मिस्टर लिओंग म्हणाला. "पोरं घरासोबत मिळत नाहीत हो. ती तुमची तुम्हालाच करावी लागतात."

फिक्री खो खो हसला. हस्लिना खिडकीबाहेर बघत राहिली.

बुकित सरोजा म्हणजे टेकडीवरचं पैसेवाल्यांचं गाव. पहिल्या गल्लीत उंच फाटकं आणि भुंकणारी कुत्री. दुसऱ्या गल्लीत मुलं होती, पण सगळी शिकवणीला गेलेली. तिसरी गल्ली लोरोंग केनांगा, म्हणजे केनांगा फुलाची गल्ली. स्वच्छ रस्ता, कोरी पाटी, टोकाला हिरवागार उतार आणि त्याच्या पायथ्याशी झोपाळ्यांची बाग.

मगरिबची, सूर्यास्ताची अजान नुकतीच संपली होती.

तेवढ्यात...

"लुकमान... ए लुकमान... घरी ये राजा. तिन्हीसांज झाली. ये, पाय धू."

बाईचा आवाज होता. थकलेला, पण मायेचा.

हस्लिनाचा चेहरा उजळला. तिची आई तिला गावाकडे अशीच हाक मारायची. अंधार पडायच्या आत पोरं घरात हवीत, असं आमच्याकडची प्रत्येक आई बजावते.

"अहो, ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "इथल्या आया अजून पोरांना हाका मारतात. हेच घर."

 लिओंग आधीच गाडीत जाऊन बसला होता. काच वर करून.

महिन्याभरात ते राहायला आले.

पहिली गोष्ट हस्लिनाच्या लक्षात आली ती चपलांची. आमच्याकडे दारातल्या चपलांवरून घर कळतं. तिने गल्लीतल्या सगळ्या दारांसमोर नजर टाकली. पुरुषांचे बूट होते, म्हाताऱ्यांच्या सपाता होत्या.

लहान मुलाची एकही चप्पल नव्हती.

एकाही दारात नाही.

मग दुसरी गोष्ट. रोज अजान संपली की गल्लीतल्या प्रत्येक घरातला टीव्ही एकदम मोठा व्हायचा. सगळे टीव्ही, एकाच वेळी.

आणि त्या गोंगाटाखालून...

"लुकमान... घरी ये राजा..."

रोज तेच नाव. आणि 'आलो' म्हणून उत्तर कधीच नाही.

शेवटी तिने शेजारच्या पुष्पम आंटींना गाठलं. त्या कढीलिंबाला पाणी घालत होत्या.

"आंटी, हा लुकमान कुठल्या घरातला? आमच्या दमियाशी ओळख करून द्यायची होती."

आंटींच्या हातातला पाइप तसाच राहिला. पाणी कुंडीतून उतू जाऊन त्यांच्या पायांवर वाहू लागलं.

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

"टीव्ही लाव गं बाई. आम्ही लावतो तसा."

"आंटी, मी लहान मूल आहे का? सांगा सरळ."

मग त्यांनी सांगितलं. खालच्या आवाजात, फाटकाकडे बघत. काही वर्षांपूर्वी वर टेकडी कापून बंगले बांधत होते. गल्लीतल्या लोकांनी तक्रारी केल्या, कुणी दाद दिली नाही. त्या वर्षी पाऊस थांबेना. टेकडी खाली आली आणि टोकाची घरं गिळून गेली. माणसं काढली, मृतदेह काढले. सगळे सापडले.

एक मुलगा सोडून.

"त्याची आई कामावर होती म्हणून वाचली. रोज तिथे उभी राहायची, लुकमानच्या चपला हातात घेऊन. चिखलातून अनवाणी कसा येईल म्हणायची. मग एक दिवस वरून हुकूम आला, शोध बंद. तिच्यासमोर गवत लावलं गं त्यांनी. इपोहला बहिणीकडे गेली. तिथेच वारली."

"वारली? मग रोज हाक..."

"मी म्हटलं ना, टीव्ही लाव."

त्या संध्याकाळी हस्लिना अजानच्या आधीच दमियाला घरात घ्यायला निघाली.

दमिया अंगणात नव्हती.

बागेतला एक झोपाळा रिकामाच हलत होता.

दमिया उतारावर होती. ओल्या गवतावर पालथी पडलेली, कान जमिनीला लावून. काहीतरी बोलत होती. हस्लिनाला हायसं वाटलं. नेहमीचा खेळ, स्वतःशीच.

पण नाही...

या वेळी दमिया एकाच बाजूचं बोलत होती. मध्ये थांबत होती. ऐकत होती. मान डोलवत होती.

तेवढ्यात अजान संपली. घराघरांतले टीव्ही मोठे झाले.

"लुकमान... घरी ये राजा..."

हस्लिना घाईने उतार चढू लागली. तिन्हीसांजेच्या अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही, हे तिने लेकीला शिकवलं होतं. तिला तिच्या आईने शिकवलं होतं.

दमियाने डोकं वर केलं. वळून, कुणीच नव्हतं तिकडे बघत, ती मोठ्याने म्हणाली,

"माचिक मावशी, तो येतो म्हणतोय. त्याचा पाय अडकलाय."

हाक थांबली.

मग त्या रिकाम्या बागेत एक बाई रडू लागली. हस्लिना सांगते, इतकं जुनं रडणं तिने कधी ऐकलं नव्हतं. भीती वाटली नाही, म्हणते. तिलाच रडू फुटलं. लेकीला उचलून ती घराकडे पळाली ती रडतच.

दुसऱ्या दिवशी ती तुमच्या नगरपालिकेच्या कचेरीत आली होती, साहेब. उतार खणा म्हणाली. एक पोर आहे तिथे, त्याला नीट मूठमाती द्या, एवढंच मागितलं. तुमचा माणूस म्हणाला, "ती बाग आहे मॅडम. बागेत खेळतात."

गल्लीतले लोकही हस्लिनाच्या दारात जमले. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "तू कालची आलेली. आमच्या घरांचे भाव पाडू नकोस."

"तुमच्या पोराचा पाय अडकला असता तर?" हस्लिनाने विचारलं.

तो चपला घालून निघून गेला.

आता ते घर विकायला काढलंय. बघायला येणारे दुपारी येतात, खूश होतात, संध्याकाळी एक चक्कर मारतात आणि परत फोन करत नाहीत.  हस्लिना अजानच्या आधी दारं लावते, दमियाला मांडीवर घट्ट धरते आणि टीव्ही मोठा करते. इतरांसारखीच.

मागच्या शुक्रवारी मी तिथेच होतो. मीच हट्टाने टीव्ही बंद केला.

"लुकमान..."

 मी ऐकत राहिलो.  आणि मग, त्याच मायेने...

"दमिया... तू पण ये गं राजा. दोघं या घरी."

हस्लिनाने लेकीचे कान दोन्ही हातांनी झाकले. दमिया दाराकडे बघून हसत होती.

ती बाई वाईट नाही, साहेब. ती आई आहे. पोर सापडल्याशिवाय ती जायची नाही, आणि तोवर त्याच्यासोबत खेळणाऱ्या पोरीलाही ती घरी बोलावत राहणार. कुठल्या घरी, ते मला सांगवत नाही.

म्हणून चार लोकांसमोर विचारतोय. गवत लावलंत त्या दिवशी खाली एक मूल आहे, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?

हो की नाही, तेवढं सांगा. आणि खणायला कधी येताय?